प्रोस्टेट कॅन्सरच्या ऑपरेशननंतरचं लैंगिक आयुष्य: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

"ऑपरेशन छान झालं, गाठ पूर्ण निघाली, आता काळजी नको." हे ऐकून घरी आलेला माणूस दोन-तीन महिन्यांनी एक प्रश्न मनात घेऊन बसतो आणि तो कुणालाच विचारत नाही. तपासणीच्या वेळी शेजारी मुलगा बसलेला असतो, डॉक्टरांच्या दारात रांग असते. "जीव वाचला हेच पुष्कळ" असं कुणी म्हटलं की पुढे बोलायला जागाही उरत नाही. जीव वाचला हे पुष्कळ आहेच. पण वाचलेल्या जिवाला जगायचंही असतं, आणि त्या जगण्यात शरीरसुख येतं. म्हणून हे प्रश्न इथे विचारणाऱ्यांच्याच शब्दांत घेतले आहेत. तुमचं हृदय, साखर, चालू औषधं आणि ऑपरेशनचा अहवाल पाहून शेवटचा निर्णय मात्र तुमच्या डॉक्टरांबरोबरच घ्या.

ऑपरेशन प्रोस्टेटचं होतं. मग त्याचा त्रास लिंगाला का?

प्रोस्टेट ही मूत्राशयाच्या तोंडाशी, लघवीच्या नळीभोवती असलेली अक्रोडाएवढी ग्रंथी. या ऑपरेशनमध्ये ती पूर्ण काढतात. लिंगात ताठरता आणणाऱ्या नसा खाली उतरताना या ग्रंथीला दोन्ही बाजूंनी अगदी चिकटून जातात. त्या इतक्या बारीक असतात की त्यांचा नेमका मार्ग कित्येक वर्षं सर्जनांनाही ठाऊक नव्हता, आणि ऑपरेशन झालं की ताठरता जवळजवळ सगळ्यांचीच जायची. पॅट्रिक वॉल्श या अमेरिकन सर्जनने नेदरलंड्सच्या पीटर डाँकर यांच्या मदतीने हा मार्ग शोधला आणि १९८२ मध्ये या नसा ठरवून जपत ऑपरेशन केलं. आजची 'नसा वाचवणारी' शस्त्रक्रिया, मग ती उघडी असो, दुर्बिणीतून असो की रोबोटच्या साहाय्याने, तिथूनच सुरू झाली.

लिंग जिथल्या तिथे आणि धडधाकट असतं. इजा होते ती त्याच्यापर्यंत निरोप नेणाऱ्या नसांना.

"नसा वाचवल्या" असं डॉक्टर म्हणाले होते. चार महिने झाले, काहीच हालचाल नाही. खोटं सांगितलं का?

नाही. "नसा वाचवल्या" याचा अर्थ त्या कापल्या नाहीत, एवढाच. ग्रंथी सोडवून काढताना त्या ताणल्या जातात, दबतात, आसपास रक्त थांबवताना त्यांना उष्णताही लागते. अशी दुखावलेली नस बराच काळ मुकी राहते आणि फार सावकाश जागी होते. दीड ते दोन वर्षं हा सुधारण्याचा नेहमीचा काळ आहे, काहींच्या बाबतीत तिसऱ्या वर्षीही फरक पडताना दिसतो. चार महिन्यांवरून निकाल लावू नका.

किती सुधारेल हे मुख्यतः तीन गोष्टींवर ठरतं: तुमचं वय, ऑपरेशनच्या आधी ताठरता कशी होती, आणि नसा दोन्ही बाजूंच्या वाचल्या की एका. मधुमेह, रक्तदाब आणि धूम्रपान या सगळ्याला मागे खेचतात. कॅन्सर ग्रंथीच्या कडेपर्यंत पोचला असेल, तर सर्जनला त्या बाजूची नस मुद्दाम काढावी लागते. तो निर्णय योग्यच असतो. ऑपरेशनच्या अहवालात याची नोंद असते. ती एकदा समजावून मागा, म्हणजे पुढची अपेक्षा ठरवता येते.

आकडे विचारणाऱ्यांसाठी एक मोठा अभ्यास सांगते. ब्रिटनमध्ये 'प्रोटेक्ट' या अभ्यासात १६४३ पुरुषांची निरीक्षण, ऑपरेशन किंवा रेडिएशन अशा तीन गटांत विभागणी झाली होती. सुरुवातीला ६७ टक्के पुरुषांना संभोगापुरती ताठरता येत होती. ऑपरेशनच्या गटात सहा महिन्यांनी हे प्रमाण १२ टक्क्यांवर आलं, आणि सहा वर्षांनी ते १७ टक्के होतं. आकडा कडू आहे, पण तो आधीच कळलेला बरा, असं माझं ठाम मत आहे. ज्याला आधी सांगितलेलं असतं तो सहाव्या महिन्यात स्वतःला नामर्द म्हणत नाही. कुणी याहून फार मोठा टक्का सांगितला, तर तो कोणत्या वयोगटाचा आणि गोळी धरून की गोळीशिवाय, हे नक्की विचारा. 'यश' या शब्दाची व्याख्या जागोजागी बदलते.

म्हणजे आता सगळंच संपलं?

या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल, तर हे वाचा.

आपण 'लैंगिक ताकद' म्हणून ज्याला एका शब्दात बांधतो, त्या खरं तर चार-पाच वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांच्या वाटाही वेगळ्या आहेत. इच्छा टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनवर आणि मनावर चालते. टेस्टोस्टेरॉन वृषणांत तयार होतं आणि या ऑपरेशनमध्ये वृषणांना हात लागत नाही. लिंगाच्या त्वचेवरच्या स्पर्शाची जाणीव वेगळी नस नेते, ती प्रोस्टेटपासून दूर असते. परमोच्च क्षणाचा आनंदही शाबूत राहू शकतो. आणि हे फार थोड्यांना माहीत असतं की त्या क्षणासाठी लिंग ताठ असावंच लागत नाही. हाताने किंवा जोडीदाराच्या स्पर्शाने, मऊ लिंगालाही तो अनुभव येतो.

ऑपरेशन कायमचं घेऊन जातं ते वीर्य. ताठरतेला बसतो तो धक्का, कुणाला तात्पुरता, कुणाला कायमचा. बाकीचं बरंचसं तुमच्याकडेच असतं. पण 'ताठ नाही म्हणजे काहीच नाही' असं धरून माणूस जवळ जाणंच बंद करतो आणि उरलेलंही हातचं घालवतो. नसांच्या इजेपेक्षा या माघारीने जास्त संसार गारठलेले मी पाहिले आहेत.

वीर्य अजिबात येत नाही. ते आत साठतं का?

नाही, ते तयारच होत नाही. वीर्यातला बहुतेक द्रव प्रोस्टेट आणि तिच्यामागच्या वीर्यकोशांतून येतो, आणि ऑपरेशनमध्ये दोन्ही काढतात. वृषणांत शुक्राणू तयार होत राहतात, पण बाहेरची वाट बंद झालेली असते आणि शरीर ते शोषून घेतं. त्याने काहीही अपाय होत नाही. 'कोरडा' परमोच्च क्षण सुरुवातीला परका वाटतो. कुणाला तो पूर्वीपेक्षा फिका वाटतो, कुणाला तसाच, काहींना जास्त लांबलेला. काही जणांना पहिले काही महिने त्या वेळी ओटीपोटात किंवा वृषणात कळ येते. ती बहुधा आपोआप कमी होते, नाही झाली तर त्यावर औषध असतं.

त्या क्षणी थोडी लघवी निसटते. लाजेने मी हे सगळं बंदच केलं.

बंद करू नका. हे अनेकांना होतं आणि वेळ जाईल तसं कमी होतं. जवळ येण्याआधी लघवी करून या, त्या आधीच्या तास-दोन तासांत चहा-कॉफी आणि खूप पाणी टाळा, अंगाखाली टॉवेल घ्या, हवं तर निरोध वापरा. लिंगाच्या मुळाशी बसवायची ताण कमी-जास्त करता येणारी रबरी रिंगही मिळते. निरोगी लघवीने जोडीदाराला काही अपाय होत नाही. हे जोडीदाराला आधीच, कपडे अंगावर असताना, साध्या शब्दांत सांगून टाका. त्या क्षणी अचानक कळण्यापेक्षा ते कितीतरी सोपं जातं.

'पुनर्वसन' म्हणतात ते नक्की काय असतं?

निरोगी पुरुषाला झोपेत रात्रीतून काही वेळा आपोआप ताठरता येते. त्या वेळी लिंगाच्या आतल्या स्पंजासारख्या ऊतींना भरपूर ताजं रक्त, म्हणजे ऑक्सिजन मिळतो. नसा मुक्या झाल्या की ही रात्रीची ये-जा थांबते. महिनोन् महिने रक्त कमी मिळालं की आतले स्नायू आक्रसतात आणि त्यांची जागा तंतुमय ऊती घेतात. मग पुढे नस जागी झाली तरी साथ द्यायला स्नायू उरत नाही. म्हणून नस बरी होईपर्यंत गोळी, व्हॅक्यूम पंप किंवा इंजेक्शनच्या मदतीने तिथे रक्त येत ठेवायचं, ही यामागची कल्पना.

रोज गोळी घेतल्याने पुढे गोळीशिवाय येणारी ताठरता सुधारते, असं मोठ्या चाचण्यांत सिद्ध झालेलं नाही. गोळी चालू असेपर्यंत फायदा दिसला, थांबवल्यावर तो टिकला नाही. तरीही मी लवकर सुरुवात करा असंच सांगते. कारण हातात काही साधन असलं की जोडपं एकमेकांजवळ येत राहतं, आणि दोन वर्षं अंतर ठेवलेल्या जोडप्याला परत जवळ आणणं कोणत्याही नसेपेक्षा अवघड असतं. साधारण चार ते सहा आठवड्यांनी, जखम भरल्यावर, सर्जनच्या परवानगीने सुरुवात करता येते.

गोळी घेतली, डोकं दुखलं, बाकी काही झालं नाही. माझ्यावर औषध चालत नाही का?

एवढ्यावरून तसं म्हणता येत नाही. सिल्डेनाफिल, टाडालाफिल या गोळ्या स्वतः ताठरता आणत नाहीत. नसेतून आलेला निरोप त्या मोठा करतात. नस मुकीच असेल तर मोठं करायला काही नसतं, म्हणूनच दुसऱ्या महिन्यात 'निकामी' ठरलेली गोळी पंधराव्या महिन्यात लागू पडते. शिवाय निरोप निघायला स्पर्श आणि उत्तेजना लागतेच. गोळी घेऊन घड्याळाकडे बघत बसलं तर काही होणार नाही.

घेण्याची पद्धतही चुकते. सिल्डेनाफिल साधारण तासभर आधी आणि शक्यतो रिकाम्या पोटी घ्यायची, तेलकट-तुपकट जेवणानंतर तिचा परिणाम उशिरा आणि कमी होतो. टाडालाफिलला जेवणाची अडचण नाही आणि तिचा परिणाम ३६ तासांपर्यंत राहू शकतो, त्यामुळे घाई वाटत नाही. डॉक्टरांनी ठरवलेल्या पूर्ण मात्रेत सहा-आठ वेळा करून पाहिल्याशिवाय गोळीवर काट मारू नका.

मला हृदयाचा त्रास आहे. गोळी चालेल?

छातीत दुखण्यासाठी नायट्रेट जातीचं औषध घेत असाल, मग ते जिभेखालची गोळी असो, फवारा असो की पट्टी, तर या गोळ्या अजिबात घ्यायच्या नाहीत. दोन्ही एकत्र आल्यास रक्तदाब जिवावर बेतेल इतका कोसळतो. गोळी घेतलेली असताना छातीत दुखायला लागलं, तर दवाखान्यात पोचताच पहिली गोष्ट ही सांगा, लाज बाजूला ठेवून. सिल्डेनाफिलनंतर किमान २४ तास आणि टाडालाफिलनंतर किमान ४८ तास नायट्रेट देता येत नाही. रक्तदाबाच्या किंवा लघवीच्या काही गोळ्यांबरोबरही मात्रा जपून ठरवावी लागते.

गोळी नको किंवा चालत नाही. मग?

*व्हॅक्यूम पंप.* प्लास्टिकच्या नळकांड्यातून हवा काढली की लिंगात रक्त ओढलं जातं, मग मुळाशी रबरी रिंग चढवायची. नसा असोत-नसोत, हे चालतं. लिंग थोडं गार आणि निळसर वाटतं, मुळाशी डगमगतं. रिंग ३० मिनिटांपेक्षा जास्त ठेवायची नाही. रक्त पातळ करणारी औषधं घेत असाल तर आधी विचारा.

*इंजेक्शन.* नाव ऐकूनच पुरुष मागे सरतात, म्हणून जरा सविस्तर सांगते. सुई इन्सुलिनच्या सुईसारखी बारीक असते आणि लिंगाच्या बाजूला टोचायची असते. अल्प्रोस्टाडिल हे औषध, एकटं किंवा इतर औषधांत मिसळून, थेट आतल्या स्नायूंना सैल करतं. नसेच्या निरोपाची त्याला गरजच नसते, त्यामुळे जिथे गोळी हरते तिथेही ते बहुतेकांना लागू पडतं. पाच ते पंधरा मिनिटांत ताठरता येते. पहिला डोस दवाखान्यातच घेऊन मात्रा ठरवायची, टोचायचं कसं ते शिकून घ्यायचं आणि मगच घरी. दर वेळी बाजू बदलायची. काहींना औषधाने ठणका लागतो, मिश्रण बदलून तो कमी होऊ शकतो. एक नियम मात्र भिंतीवर लिहून ठेवा: ताठरता चार तास उतरली नाही तर मध्यरात्र असली तरी थेट रुग्णालयात जायचं. उशीर झाला तर आतल्या ऊती कायमच्या खराब होतात.

*इम्प्लांट.* बाकी सगळं करून झालं आणि एक-दोन वर्षांनीही समाधान नसेल, तर हा पक्का उपाय. लिंगात दोन नळ्या, अंडकोषाच्या पिशवीत छोटा पंप आणि पोटात पाण्याची पिशवी, असं हे साधन १९७३ पासून वापरात आहे. पंप दाबला की ताठरता, कळ दाबली की सैल. बाहेरून काही दिसत नाही, संवेदनाही बदलत नाही. ज्यांनी बसवून घेतलं त्यांच्यातले बरेचसे, आणि त्यांचे जोडीदारही, समाधानी असतात. पण हा मागे न फिरता येणारा निर्णय आहे. जंतुसंसर्गाचा धोका थोडा असला तरी असतो, आणि काही वर्षांनी यंत्र बिघडलं तर पुन्हा ऑपरेशन लागतं.

लिंग लहान झाल्यासारखं वाटतं. मनाचे खेळ आहेत का?

मनाचे खेळ नाहीत. ऑपरेशननंतर लांबी एखाद-दोन सेंटिमीटरने कमी होऊ शकते. ऊती आक्रसणं हे त्याचं मोठं कारण. पुढे ती काही प्रमाणात भरून येऊ शकते, आणि पंप नियमित वापरल्याने फायदा होतो असं काही लहान अभ्यासांत दिसलं आहे. ताठरतेत नवा वाक किंवा गाठ जाणवली तर मात्र वेळ न घालवता दाखवा.

ओटीपोटाच्या व्यायामाचा इथे काय उपयोग?

मुख्य उपयोग लघवीच्या ताब्यासाठी. पॅड बांधून फिरणाऱ्या माणसाला जवळीक सुचतच नाही, म्हणून हा प्रश्न लैंगिक आयुष्याचाही आहे. वरच्याच 'प्रोटेक्ट' अभ्यासात ऑपरेशननंतर सहा महिन्यांनी ४६ टक्के पुरुष पॅड वापरत होते, सहा वर्षांनी १७ टक्के.

वायू अडवताना आणि लघवी रोखताना जे स्नायू आत-वर ओढले जातात, तेच आवळायचे. काही सेकंद धरा, तितकाच वेळ पूर्ण सैल सोडा. हळूहळू दहा सेकंदांपर्यंत न्या. दहा-दहा वेळा, दिवसातून तीनदा. श्वास रोखू नका, पोट आणि कुल्ले आवळू नका. ऑपरेशनच्या वेळी घातलेली लघवीची नळी (कॅथेटर) आत असेपर्यंत हा व्यायाम करायचा नाही. जमतंय की नाही कळत नसेल, तर या स्नायूंचं काम जाणणाऱ्या फिजिओथेरपिस्टला एकदा भेटा. बरेच जण महिनोन् महिने चुकीचेच स्नायू आवळत राहतात.

जाहिरातीतली शक्तिवर्धक औषधं, शॉकवेव्ह, स्टेम सेल?

'नैसर्गिक' म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्या-कॅप्सूलमध्ये चोरून सिल्डेनाफिल मिसळलेलं अनेकदा सापडलं आहे. नायट्रेट घेणाऱ्याच्या हाती ती पुडी लागली तर काय होईल, ते वर लिहिलंच आहे. शॉकवेव्ह (लिंगावर ध्वनिलहरींचे हलके ठोके) आणि स्टेम सेल (मूळ पेशींची इंजेक्शनं) अजून अभ्यासाच्या पातळीवर आहेत, या ऑपरेशननंतर त्यांचा पक्का फायदा सिद्ध झालेला नाही. त्यासाठी पैसे मोडू नका.

"ऑपरेशन झाल्यापासून हे माझ्याजवळच येत नाहीत. पाठ करून झोपतात. माझं काही चुकलं का?"

तुमचं काही चुकलेलं नाही. बहुधा ते तुम्हाला टाळत नसून स्वतःच्या अपयशाचा प्रसंग टाळत असतात. हात हातात घेतला तर गोष्ट पुढे जाईल, पुढे गेली तर जमणार नाही, म्हणून हातच घ्यायचा नाही, असा हा हिशोब असतो. आणि तुम्ही त्यांना वाईट वाटू नये म्हणून विषय काढत नाही. दोघंही एकमेकांना जपता जपता दोन खोल्यांत जाऊन पोचता.

यातून बाहेर पडायला लैंगिक समुपदेशनात एक जुनी, साधी पद्धत वापरतात. काही आठवडे संभोग करायचाच नाही, असं दोघांनी मिळून ठरवायचं. फक्त आळीपाळीने एकमेकांना स्पर्श करायचा: पाठ, मान, हात, पाय. पहिले काही दिवस जननेंद्रियं वगळून. परीक्षाच रद्द झाली की नापास व्हायची भीती जाते, आणि अंगाला पुन्हा अंगाची सवय होते. पुढचं सावकाश. हात, तोंड, मांड्या यांनी मिळणारं सुख ही काही 'त्याऐवजीची' दुय्यम गोष्ट नाही, कित्येक जोडप्यांना ती वयाच्या साठीत पहिल्यांदा सापडते.

तुमच्या शरीराकडेही बघा. पाळी गेल्यानंतर योनीचा कोरडेपणा येतो, आणि बऱ्याच खंडानंतरचा संबंध दुखतो. वंगणासाठी जेल वापरा, गरज वाटली तर स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारा. आणि तुम्हाला इच्छाच उरली नसेल, तर तेही मोकळेपणाने सांगण्याचा हक्क तुम्हाला आहे. यांच्यासाठी गोळी-इंजेक्शन ठरवताना तुम्हाला विचारलंच गेलं नसेल, तर पुढच्या भेटीत सोबत जा.

माझा जोडीदार पुरुष आहे. आमच्यासाठी काही वेगळं?

थोडं आहे, आणि डॉक्टर ते आपणहून सहसा सांगत नाहीत. गुदसंभोगासाठी ताठरता जास्त लागते, त्यामुळे एकट्या गोळीने भागलं नाही तर लवकरच पुढच्या उपायाकडे वळावं लागू शकतं. स्वीकारणाऱ्या भूमिकेत असाल, तर प्रोस्टेटमुळे मिळणारं विशिष्ट सुख आता नसेल, त्याचं दुःख खरं आहे. आतले टाके भरेपर्यंत थांबणं आवश्यक आहे. किती आठवडे, ते सर्जनला थेट विचारा.

मी एकटा आहे. नव्या नात्यात हे कधी सांगू?

पहिल्या भेटीत सांगायची गरज नाही, आणि पलंगावर सांगायची वेळ येऊ देऊ नका. ओळख वाढून विश्वास वाटायला लागला की दोन वाक्यांत सांगा: "मला कॅन्सर होता, ऑपरेशन झालं. त्यामुळे ताठरतेला मदत लागते, बाकी मी आहे तसाच आहे." ज्याला तेवढ्याने दूर जायचं आहे, तो आत्ताच गेलेला बरा.

संबंधांमुळे कॅन्सर परत येईल का, किंवा जोडीदाराला लागेल का?

दोन्ही नाही. कॅन्सर स्पर्शाने, चुंबनाने किंवा संभोगाने पसरत नाही, आणि परमोच्च क्षणाने पीएसए (रक्ततपासणीत मोजतात तो प्रोस्टेटचा घटक) वाढून आजार परतत नाही.

ऑपरेशननंतर हार्मोनचं इंजेक्शन सुरू केलंय. आता मनातच येत नाही.

ते औषध टेस्टोस्टेरॉन मुद्दाम खाली आणतं, कारण या कॅन्सरला त्याचंच खाद्य मिळतं. त्यामुळे इच्छाच विझते, अंगातून गरम वाफा निघतात, रडू लवकर येतं, वजन वाढतं. हा औषधाचा परिणाम आहे, तुमचं प्रेम आटलेलं नाही, आणि हे जोडीदाराला याच शब्दांत सांगा. कोर्स मर्यादित असेल तर तो संपल्यावर टेस्टोस्टेरॉन बहुतेकांचं सावकाश वर येतं, वय जास्त असेल तर वेळही जास्त लागतो. 'ताकद यावी' म्हणून स्वतःच्या मनाने टेस्टोस्टेरॉन घेणं मात्र धोक्याचं आहे.

सतत उदास वाटतं. हे यातच मोडतं का?

हो. झोप उडणं, कशातच रस न वाटणं, चिडचिड, "मी आता काय कामाचा" असे विचार दोन आठवड्यांहून जास्त टिकले तर डॉक्टरांना सांगा. जिवाचं बरंवाईट करण्याचा विचार आला तर त्याच दिवशी. उदासीवर उपचार होतात. नैराश्याच्या काही गोळ्यांनी इच्छा किंवा ताठरता आणखी कमी होते, म्हणून औषध निवडतानाच हा मुद्दा काढा.

माझं ऑपरेशन अजून व्हायचं आहे. आधी काय करून ठेवू?

ओटीपोटाचा व्यायाम आजपासून शिका. नळी निघाल्यावर शिकायला घेतला तर तो सापडणं अवघड जातं. सिगारेट सोडा. सध्याची ताठरता कशी आहे याची नोंद डॉक्टरांच्या पाच प्रश्नांच्या फॉर्मवर करून घ्या, आणि खरी उत्तरं द्या. पुढे मूल हवं असण्याची थोडी जरी शक्यता असेल तर वीर्य आधीच गोठवून ठेवा. नंतर वृषणातून शुक्राणू काढून प्रयोगशाळेत गर्भधारणा करता येते, पण ती वाट लांबची आणि खर्चाची.

आणि सर्जनना जोडीदारासमोर हे तीन प्रश्न विचारा: माझ्या दोन्ही बाजूंच्या नसा वाचवता येतील का? माझ्या वयाच्या तुमच्या रुग्णांना दोन वर्षांनी, गोळी धरून आणि गोळीशिवाय, काय अनुभव आला? नळी निघाल्यावर या विषयासाठी मी कुणाला आणि कधी भेटायचं? तिसऱ्याचं उत्तर तारखेसह लिहून घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका.